वेळ कुठे खर्च झाला

पियानोच्या सुराला लपायला जागा नसते. गाणाऱ्याच्या गळ्यात आंदोलन असतं, व्हायोलिनच्या सुरात कंप असतो. त्यामुळे रेकॉर्डचं मधलं भोक केसभर सरकलेलं असलं तरी कान ते चालवून घेतो. पियानोचा सूर मात्र एकदा उमटला की सरळ विरत जातो. वाजवणाऱ्यालाही त्यात पुढे काही करता येत नाही. रेकॉर्ड फिरताना जरा झोलली की तो सूर वर-खाली हेलकावतो आणि सगळी रचनाच आजारी वाटायला लागते.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड्स डिजिटल करून देणं हा माझा व्यवसाय. मुंबईत या कामात मुख्यतः नाट्यगीतं, ख्याल, भावगीतं येतात. मग दक्षिण मुंबईतल्या एका पारशी घरातून पियानोच्या रेकॉर्ड्सची खोकी आली. दोन पिढ्यांनी जमवलेला संग्रह. त्यात शोपाँ, शुमान आणि लिस्ट यांचं एकल पियानोवादनच जास्त. संग्रहाचे मालक ऐंशीच्या घरातले, मी त्यांना अंकल म्हणते. त्यांना नुसती डिजिटल प्रत नको होती. एकच रचना वेगवेगळ्या वादकांनी कशी वाजवली आहे ते ओळीने ऐकायचं होतं, आणि प्रत्येकीसोबत माझी टिपणं हवी होती. ‘‘दीकरा, कोण मोठा ते मला नको सांगू,’’ ते पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘‘कोण काय करते ते सांग.’’ मी शाळेत असताना पियानोच्या परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे छापील स्वरलिपी वाचता येत होती. बाकीचं या कामाने शिकवलं.

सुरुवात नेहमी त्या झोलापासून होते. रेकॉर्ड लावायची, सुई टेकवायची आणि कान बाजूला ठेवून डोळ्यांच्या पातळीवर टोनआर्म बघायचा. तो प्रत्येक फेरीला डावीउजवीकडे डोलत असेल तर भोक मध्यावर नाही. मग सुई उचलायची, मधला खुंटा काढलेल्या टर्नटेबलवर रेकॉर्ड बोटाने किंचित सरकवायची, पुन्हा सुई टेकवायची. टोनआर्म फक्त आत आत सरकत राहिला, डोलला नाही, म्हणजे जमलं. एखाद्या भावगीताला या खटाटोपाची गरज दर वेळी पडत नाही. पियानोला पडतेच. हे केल्याशिवाय दोन वादकांची तुलना सुरू करणं म्हणजे एकावर दुसऱ्याच्या यंत्राचा दोष लादणं.

दुसरी गोष्ट पट्टीची. ७८ फेऱ्या हा आकडा सगळ्यांनी पाळलेला नव्हता. कोलंबियाच्या जुन्या रेकॉर्ड्सवर तर चक्क ८० छापलेलं सापडतं. वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या पट्टीने चढतो. शोपाँचं ई फ्लॅटमधलं नॉक्टर्न, म्हणजे आपल्या हिशेबाने काळी दोनचं, पांढरी तीनमध्ये वाजायला लागतं. आणि सूर चढतो तेव्हा लयही तेवढीच चढते. वादक घाईत होता असं आपण लिहून मोकळे होतो, घाई असते ती मोटरची. म्हणून आधी पट्टी जुळवायची, मग लयीबद्दल बोलायचं. त्यातही थोडी मोकळीक ठेवावी लागते, कारण त्या काळात सगळ्या शहरांतले पियानो एकाच मापाला लावलेले नसत.

यंत्राने आणखी काय काय हिरावून घेतलं होतं याचीही नोंद ठेवावी लागते. १९२५ च्या आधी मायक्रोफोन नव्हता. वादक कर्ण्यापुढे वाजवायचा, खर्जातले सूर जवळजवळ गळून पडायचे आणि अगदी हळुवार वाजवलेलं मेणावर उमटायचंच नाही. बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण साडेचार मिनिटं मावत. पियानोवादक बुसोनीने १९१९ साली लंडनहून बायकोला लिहिलेल्या पत्रात याच छळाबद्दल तक्रार केली आहे: लिस्टने गुनोच्या ‘फाऊस्ट’वरून रचलेलं लांबलचक वॉल्ट्झ त्याला कापून चार मिनिटांत बसवायचं होतं. मेणाची मूळ तबकडी वाजवून बघितली तर ती पुढच्या कामाला निकामी व्हायची, म्हणजे आपण काय वाजवलं हे ऐकायची सोयसुद्धा नाही. मार्च १९२५ मध्ये अमेरिकेतल्या कॅमडन इथे आल्फ्रेद कोर्तोने व्हिक्टर कंपनीसाठी शोपाँ आणि शूबर्ट यांच्या रचना मायक्रोफोनपुढे वाजवल्या, तिथून पियानोचं खरं ध्वनिमुद्रण सुरू झालं असं मी मानते. त्या आधीच्या रेकॉर्ड्सही मी मन लावून ऐकते, पण त्यातून वादकाच्या स्पर्शाबद्दल काही ठरवत नाही. लयीबद्दल मात्र ठरवता येतं. कर्ण्याने सूर खाल्ले. सुरांच्या वेळा त्याला खाता आल्या नाहीत.

आणि या कामात मला सगळ्यात मोलाच्या वाटायला लागल्या त्या या वेळाच.

शोपाँचं ओपस ९ मधलं दुसरं नॉक्टर्न घ्या. १८३२ मध्ये छापलं गेलेलं, पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी गेलेलं. डावा हात एकच चाल शेवटपर्यंत चालतो: खाली एक खर्जातला सूर, मग वर दोन स्वरसमूह, पुन्हा खाली. उजव्या हातात एक धून, आणि ती जितक्यांदा परत येते तितक्यांदा जास्त नटून येते. रचना ३४ मापांची. शोपाँने दिलेली लय आहे मिनिटाला १३२ लघुमात्रा. त्या हिशेबाने सगळं नॉक्टर्न तीन मिनिटांच्या थोडं पुढे संपायला हवं. बहुतेक वादकांना चार मिनिटांहून जास्त लागतात. आता हा जास्तीचा वेळ कुठे जातो? सगळे वादक सगळीकडे सारखेच सावकाश वाजवत असते, तर तुलनेचं काही कारणच उरलं नसतं.

संग्रहात या नॉक्टर्नची चार वादनं अकराएक वर्षांच्या अवधीतली होती: राख्मानिनॉफचं १९२७ चं, कोर्तोचं १९२९ चं, आर्थर रुबिनस्टाइनचं १९३६-३७ च्या संचातलं आणि राऊल कोचाल्स्कीचं १९३८ चं. ती मी संगणकावर सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये उघडली. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेली ही आज्ञावली विनामूल्य मिळते. वादन लावायचं आणि प्रत्येक मात्रेला एक कळ दाबत जायचं. पडद्यावर उभ्या रेषा उमटत जातात. मग हळूहळू मागे जाऊन प्रत्येक रेष सुराच्या नेमक्या आघातावर नेऊन बसवायची. पियानोचा आघात पडद्यावर कड्यासारखा सरळ उभा दिसतो, त्यामुळे हे काम किचकट असलं तरी अचूक होतं. दोन रेषांमधलं अंतर म्हणजे ती मात्रा वादकाने किती लांबवली ते. सगळी अंतरं जोडली की वेळेचा एक आलेख तयार होतो.

पण पहिल्याच मापात अडायला होतं. मात्रेवर एक कडा दिसायला हवा, दिसतात दोन. डाव्या हाताचा खर्जातला सूर आधी उमटतो आणि उजव्या हाताची धून त्याच्या मागून, डोळ्याने सहज दिसेल इतक्या अंतराने. आजच्या विद्यार्थ्याने असं वाजवलं तर शिक्षक लगेच थांबवतील: हात एकत्र आण. त्या पिढीत मात्र हे जाणूनबुजून केलं जायचं. धुनीतल्या महत्त्वाच्या सुराला वजन द्यायचं तर तो जोरात न वाजवता किंचित उशिरा वाजवायचा. मग मात्रा कुठली धरायची, डावी की उजवी?

मी दोन्ही धरल्या. प्रत्येक वादनाचे दोन आलेख काढले, एक डाव्या हाताचा आणि एक उजव्याचा. आणि जे पुस्तकांत वाचलं होतं ते समोर रेषांत उभं राहिलं. शोपाँच्या शिष्यांनी लिहून ठेवलं आहे की तो डाव्या हाताला ताल सांभाळायला लावायचा आणि उजव्याला मोकळं सोडायचा. ज्याने ख्याल ऐकला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही: तबलजी ठेका धरून असतो, गायक मात्रेच्या मागेपुढे रेंगाळतो आणि समेवर येऊन मिळतो. कोचाल्स्कीच्या वादनात हे फार सुंदर दिसतं. उजव्या हाताचा आलेख चांगलाच हलतो, डाव्याचा त्या मानाने शांत. घड्याळासारखा नाही, तशी अपेक्षाही नाही, पण कुठे परत यायचं आहे हे त्याला माहीत असतं.

कोचाल्स्कीला हे कुठून मिळालं याचा धागा सरळ आहे. तो लहानपणी ल्वूफला कारोल मिकुलीकडे शिकला आणि मिकुली हा शोपाँचा शिष्य. १९३८ च्या त्या रेकॉर्डमध्ये कोचाल्स्की छापील प्रतीत नसलेल्या हरकती वाजवतो. शोपाँ आपल्या शिष्यांच्या प्रतींवर पेन्सिलीने असे पर्याय लिहून द्यायचा, आणि या नॉक्टर्नचे असे पर्याय बरेच शिल्लक आहेत. म्हणजे रचनाकारालाच ती दर वेळी तशीच्या तशी वाजावी असं वाटत नव्हतं. छापील प्रत मांडीवर ठेवून, कुणाचं चुकतंय ते शोधत ऐकायची सवय मला होती. या रेकॉर्डपुढे तिचा काही उपयोग नाही, आणि ती सुटल्याचा मला आनंद आहे.

राख्मानिनॉफ वेळ खर्च करतो तो मोठ्या रकमेने आणि मोजक्या ठिकाणी. वाक्याच्या शिखरावर पोचला की तो थांबल्यासारखा होतो आणि मग उतरणीवर सगळं वसूल करतो. कोर्तो चिल्लर खर्च करतो, पण सतत: एका मात्रेत पुढे धावला की पुढच्या मात्रेत मागे ओढतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला धून आत्ता सुचते आहे असं वाटतं. रुबिनस्टाइन सगळ्यात कमी खर्च करतो. त्याची नटलेली धूनसुद्धा सरळ गाते, आणि हरकती वेगळ्या काढून दाखवाव्यात असं त्याला वाटतच नाही. वाजायला लागणारा एकूण वेळ यातलं काहीही सांगत नाही. म्हणून वादनांच्या तुलनेत कुणी मला नुसती मिनिटं-सेकंदं वाचून दाखवली की मी मान हलवते आणि विचारते, कुठल्या मापात?

हात सुटे वाजवण्याची ही रीत कुठपर्यंत नेता येते ते ऐकायचं असेल तर इग्नाझ फ्रीडमनने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं ओपस ५५ मधलं दुसरं नॉक्टर्न ऐकावं. हेही ई फ्लॅटमधलं, पण वृत्ती अगदी वेगळी. इथे उजव्या हातातच दोन धुना आहेत, वरची आणि आतली, आणि डावा हात खालून लांब लांब लाटा सोडतो. फ्रीडमन या तिघांना वेगवेगळ्या वेळेवर बोलू देतो. आतली धून वरचीच्या किंचित मागून येते, इतकी नेमकी की दोन माणसं एकमेकांचं ऐकून गाताहेत असंच वाटतं. मात्रांच्या रेषा मारताना या वादनावर मी फार काळ घालवला आणि शेवटी तिघांच्या तीन ओळी केल्या. संग्रहातली एकच रेकॉर्ड ठेवायची वेळ आली, तर मी ही ठेवेन.

शुमानच्या ‘किंडरत्सेनन’मधली ‘ट्रॉयमेराय’ ही दीड पानाचीसुद्धा नसलेली रचना. पहिली आठ मापं पुन्हा वाजवली की एकूण ३२ मापं होतात, म्हणजे १२८ मात्रा. शुमानच्या प्रतीत मिनिटाला १०० मात्रांची लय दिलेली आहे. पुढे क्लारा शुमानने काढलेल्या आवृत्तीत ती ८० आहे. पहिल्या हिशेबाने रचना सव्वा मिनिटाच्या जरा पुढे संपते, दुसऱ्या हिशेबाने दीड मिनिटाच्या जरा पुढे. आज मैफलीत ती अडीच मिनिटांच्या आसपास किंवा त्याहून जास्त चालते. शुमानचं लयमापक बिघडलेलं होतं असं सांगून हा प्रश्न पूर्वी मिटवला जायचा. फॅनी डेव्हिसची १९२९ ची रेकॉर्ड ऐकल्यावर तो तसा मिटत नाही. ही बाई फ्रँकफर्टला खुद्द क्लाराकडे शिकली होती. तिची ‘ट्रॉयमेराय’ वाहती आहे, कुठेही डोळे मिटून बसत नाही, आणि वाक्य वर चढतं तेव्हा त्याच्यासोबत चढून जाते. त्याच्यापुढे होरोविट्झचं मॉस्कोतलं वादन ठेवावं, २० एप्रिल १९८६ चं. १९२५ मध्ये सोडलेल्या देशात तो वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी परत आला होता आणि मैफल संपल्यावरच्या आग्रहाखातर त्याने ‘ट्रॉयमेराय’ वाजवली. त्या चित्रफितीत प्रेक्षकांमधल्या लोकांच्या गालांवरून पाणी ओघळताना दिसतं. त्याच्या संथपणात साठ वर्षांचं ओझं आहे. मला ते वादन प्रिय आहे. पण शुमानची लय कुठली होती हा प्रश्न आला की मी डेव्हिसच्या बाजूने आहे, आणि ती लय आज कुणी मैफलीत धरावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पियानोच्या कागदी गुंडाळ्यांबद्दल लोक मला नेहमी विचारतात. १९०४ पासून वेल्टे कंपनीने मोठमोठ्या वादकांचं वादन भोकं पाडलेल्या कागदावर उतरवून घेतलं. त्यांत कार्ल राइनेके आहे, १८२४ साली जन्मलेला, म्हणजे तो जन्मला तेव्हा बेटोफन हयात होता आणि शोपाँ चौदा वर्षांचा. हे सगळं आज खऱ्या पियानोवर खरखरीशिवाय ऐकता येतं, म्हणून फार मोहक वाटतं. पण गुंडाळी किती वेगाने ओढायची आणि कळ किती जोराने दाबली जायची हे यंत्र लावणाऱ्याच्या हातात राहतं. हात सुटे वाजवण्याची सवय गुंडाळीतून स्पष्ट दिसते, तेवढ्यापुरती मी तिची साक्ष घेते. त्यापुढे नाही.

शोपाँच्या दुसऱ्या सोनाटातला शोकमार्च हा वेगळ्या तऱ्हेचा धडा होता. छापील प्रतीनुसार मार्च हळू सुरू होतो, मधे ती अतिशय साधी, गोड धून येते आणि मार्च परत येतो तोही हळूच. राख्मानिनॉफच्या १९३० च्या रेकॉर्डमध्ये मार्च दुरून येतो, वाढत वाढत जवळ येतो, आणि मधल्या धुनीनंतर एकदम पूर्ण जोराने कोसळतो. मग तो पावलापावलाने दूर जातो. छापलेल्याच्या सरळ उलट. ही कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. बाराव्या वर्षी मॉस्कोत त्याने आंतोन रुबिनस्टाइनच्या प्रसिद्ध मैफली ऐकल्या होत्या आणि हा मार्च असा वाजवायची रीत त्या रुबिनस्टाइनची. म्हणजे १९३० मध्ये मायक्रोफोनपुढे वाजलेल्या या रेकॉर्डमध्ये आपल्याला एक असा वादक अंशाने ऐकू येतो, ज्याचं वादन एकाही रेकॉर्डवर आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. अंकलना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ती बाजू पुन्हा लावायला सांगितली आणि ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘‘आता शोपाँचे कागदावर आहे तसे कोणी वाजवले ते पण लाव. दोन्ही ऐकायला पाहिजे.’’ मी कोर्तोची लावली. त्यांचं बरोबरच होतं. कागदावरचं आधी कानात असल्याशिवाय राख्मानिनॉफने केवढी मोठी गोष्ट उलटवली ते कळत नाही.

माझुर्का मोजायला सगळ्यात अवघड. तीन मात्रांचा नाच, पण त्या तीन सारख्या नसतात. कधी दुसरी ताणली जाते, कधी तिसरी. पियानोवादक चार्ल्स हॅलेने आपल्या आठवणींत लिहिलं आहे की शोपाँ माझुर्का वाजवताना मापात चार मात्रा असल्यासारख्या वाटायच्या. शोपाँ कबूल होईना, तेव्हा हॅलेने तो वाजवत असताना मोठ्याने चार मोजून दाखवल्या. शोपाँ हसला आणि म्हणाला की हा त्या नाचाचाच स्वभाव आहे. संगीतकार मायरबेअरने मापात दोनच मात्रा आहेत असं म्हटलं तेव्हा मात्र तो संतापला. आर्थर रुबिनस्टाइनने माझुर्कांचा संच तीनदा ध्वनिमुद्रित केला: १९३८-३९, १९५२-५३ आणि १९६५-६६. त्यांतल्या एकाच माझुर्काचे तीन आलेख मी एकावर एक ठेवते तेव्हा वळणांची जात एक दिसते, पण रेषा कुठेच एकमेकींवर बसत नाहीत. पहिल्यात उसळी आहे, शेवटच्यात विसावा. तोच माणूस, तोच कागद, आणि एकही मात्रा तीच नाही.

हे नीट समजलं की जॉइस हॅटो प्रकरणाचं गांभीर्य कळतं. इंग्लंडमधल्या या वादिकेच्या नावावर तिच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत शंभरच्या वर सीडी निघाल्या, आणि ‘दुर्धर आजारातही केवढं काम’ म्हणून त्यांची वाखाणणी झाली. ती २००६ मध्ये गेली. फेब्रुवारी २००७ मध्ये एका श्रोत्याने तिची लिस्टच्या एत्यूडांची सीडी संगणकात घातली आणि संगणकाने नाव दाखवलं लास्लो सिमोनचं. त्याच सुमारास लंडनमध्ये निकोलस कुक आणि क्रेग सॅप हे संशोधक माझुर्कांची वादनं मात्रेमात्रेने मोजत होते. हॅटोच्या नावावरच्या माझुर्का आणि यूजीन इंजिकच्या माझुर्का यांचे आलेख त्यांना तंतोतंत जुळलेले मिळाले. रेकॉर्ड कंपनी चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याने पुढे कबुली दिली. या गोष्टीतल्या लबाडीपेक्षा मला दुसरंच लागलं: इंजिकचं वादन त्याच्या नावाने बाजारात होतं, आणि तेच वादन दुसऱ्या नावाने आणि एका करुण कहाणीसोबत आलं तेव्हा कौतुकाचा पाऊस पडला. त्यानंतर मी एक नियम केला आणि तो आजही पाळते. तुलनेच्या पहिल्या फेरीत फाइलींना नावं नसतात. अ, ब, क, एवढंच. टिपण लिहून झाल्यावर नावं जोडते.

टेप आल्यावर, म्हणजे १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून, आणखी एक प्रश्न आला. त्याआधी रेकॉर्डची एक बाजू म्हणजे एका दमातलं वादन. चुकलं तर चुकलं किंवा सगळं पुन्हा. कोर्तोचे चुकलेले सूर या परिस्थितीत ऐकायचे असतात. त्याच्या १९३३-३४ च्या प्रेल्यूड्समध्ये ते आहेतच, आणि त्यांच्यासकट तो संच आजही मला कुठल्याही निर्दोष संचाहून जास्त काही सांगतो. टेप कापता येते, जोडता येते. होरोविट्झ बारा वर्षांनी मैफलीच्या मंचावर परतला ती ९ मे १९६५ ची कार्नेगी हॉलमधली मैफल तेव्हा रेकॉर्डवर आली, पण काही जागा दुरुस्त करून. दुरुस्त न केलेली मैफल २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्या तेव्हा मला न दुरुस्त केलेलीच हवीशी वाटली. शुमानच्या फँटसीतल्या मधल्या भागाचा शेवट म्हणजे दोन्ही हातांनी उलट दिशांना मारलेल्या उड्यांची मालिका. तिथे माणूस धोका पत्करतो आहे हे ऐकू आलं नाही तर त्या उड्यांचं प्रयोजन काय?

दिनू लिपातीची वॉल्ट्झ मी सगळ्यात शेवटी हातात घेतली. जुलै १९५० मध्ये जिनिव्हात त्याने शोपाँची चौदाही वॉल्ट्झ ध्वनिमुद्रित केली, आणि १६ सप्टेंबरला बझाँसाँच्या मैफलीत तीच पुन्हा. तो अतिशय आजारी होता. मैफलीत तेरा वाजवून झाली, चौदावं वाजवायचं त्राण उरलं नाही. २ डिसेंबरला तो गेला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. हे माहीत असताना वादन तटस्थपणे ऐकणं जवळजवळ अशक्य, म्हणून अ आणि ब. नावं न ठेवता ऐकल्यावर माझं टिपण असं होतं: ‘ब’मध्ये उजवा हात जास्त धीट, लय पुढे ओढलेली, वळणांवर थांबणं कमी. ‘ब’ म्हणजे बझाँसाँची मैफल. थकव्याच्या खुणा मी त्यात शोधल्याच असत्या, नाव आधी वाचलं असतं तर. वेळ फार थोडा उरलेल्या माणसाने तो वळणांवर खर्च केला नाही, एवढं आलेख सांगतो.

आता पुढच्या खोक्यात शुमानचा ‘कार्नवाल’ आहे. आठव्या आणि नवव्या तुकड्यांच्या मधे त्याने तीन लहान ओळी लिहिल्या आहेत, जुन्या पद्धतीच्या लांबलचक स्वरचिन्हांत, आणि वर नाव दिलं आहे ‘स्फिंक्स’. सगळी रचना ज्या अक्षरांवरून विणली आहे त्या स्वरांची ती गुरुकिल्ली. सहसा त्या ओळी कुणी वाजवत नाहीत. राख्मानिनॉफने १९२९ मध्ये वाजवल्या, खर्जात, थरथरत्या सप्तकांमध्ये. त्याच्यासाठी माझ्या तक्त्यात एक जादा ओळ घालावी लागणार आहे, आणि पुढच्या आठवड्यात अंकलना ती बाजू ऐकवण्याआधी मी त्यांच्यासमोर छापील प्रतीचं ते पान उघडून ठेवणार आहे.